दोन डिस्कचं नाव एकच असेल तर कॉम्प्युटर कुठली उघडतो? बूट इमेजच्या लेबलचा घोळ आणि तो टाळायचे उपाय

लॅपटॉप स्लो झाला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘एसएसडी टाकून घे.’ एसएसडी येते. जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी कॉपी तिच्यावर केली जाते. जुनी डिस्क काढून कशाला टाकायची, फोटो ठेवायला होईल, म्हणून तीही आतच राहते. लॅपटॉप सुरू होतो, लिनक्स उघडतं, सगळ्या फाइल्स जागच्या जागी. स्पीड फारसा वाढला नाही याचं थोडं नवल वाटतं, पण काम सुरू होतं.

आठ दिवसांनी जुनी डिस्क काढली जाते, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फॉरमॅट केली जाते. आणि त्या आठ दिवसांत केलेलं सगळं काम गायब होतं.

यात व्हायरस नाही, डिस्कही खराब नाही. झालं इतकंच की कॉपी करताना फाइल्सबरोबर जुन्या डिस्कची ओळखही नव्या डिस्कवर गेली. कॉम्प्युटरसमोर एकाच नावाच्या दोन डिस्क उभ्या राहिल्या. त्याने सुरुवात नव्या डिस्कवरून केली, पण फाइल्स उघडायला आणि लिहायला जुनी डिस्क निवडली. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसत असल्याने समोर बसलेल्या माणसाला पत्ताच लागला नाही.

हा घोळ फक्त घरच्या लॅपटॉपपुरता नाही. बूट करायचा पेनड्राइव्ह, रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड, कंपन्यांचे क्लाउड सर्व्हर, जिथे जिथे तयार डिस्क इमेज वापरली जाते तिथे तिथे तो होऊ शकतो. तो का होतो आणि कसा टाळायचा, ते बघूया.

लेबल म्हणजे नेमकं काय?

डिस्कचे जे भाग पाडले जातात त्यांना पार्टिशन म्हणतात. प्रत्येक पार्टिशनमध्ये कोणती फाइल कुठे ठेवली आहे याचा हिशोब ठेवणारी एक व्यवस्था असते, ती म्हणजे फाइलसिस्टीम. विंडोजमध्ये सहसा एनटीएफएस असते, पेनड्राइव्हवर फॅट३२ किंवा एक्सफॅट, लिनक्समध्ये ईएक्सटी४, एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस.

या फाइलसिस्टीमला एक नाव देता येतं. तेच लेबल. पेनड्राइव्ह लावल्यावर त्याच्या चित्राखाली जे नाव दिसतं, ते बहुतेक वेळा हेच असतं. घराच्या दारावर पाटी असावी तसं.

पाटीवर किती मोठं नाव मावेल हे फाइलसिस्टीमवर ठरतं. फॅट३२ मध्ये ११ अक्षरं, एक्सएफएसमध्ये १२, ईएक्सटी४ मध्ये १६, एनटीएफएसमध्ये ३२. आयएसओ फाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ९६६० या फाइलसिस्टीममध्येही ३२ अक्षरं मावतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

मुख्य मुद्दा असा की लेबल कुणीही, काहीही देऊ शकतं. हे नाव आधीच कुणाला दिलंय का, हे तपासणारं कुठलंही कार्यालय नाही.

मग बूट होताना नावाची गरजच काय?

कॉम्प्युटर सुरू झाला की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. त्यानंतर कर्नलला आणि त्याच्याबरोबर आलेल्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीमला एक प्रश्न सोडवायचा असतो: बाकीची सगळी सिस्टीम कुठल्या पार्टिशनवर आहे? त्या पार्टिशनला रूट म्हणतात.

सोपं उत्तर म्हणजे ‘पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन’. पूर्वी असंच लिहिलं जायचं. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं मिळतात. पण ती मिळतात डिस्क सापडतील त्या क्रमाने. एक जास्तीचा पेनड्राइव्ह लावला, डिस्कची केबल दुसऱ्या जागी खोचली, की कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. रांगेतल्या नंबरवरून माणूस ओळखण्यासारखंच हे.

म्हणून नावाने शोधायची पद्धत आली. बूटच्या सेटिंगमध्ये लिहायचं, ‘अमुक लेबल असलेली फाइलसिस्टीम शोध आणि तिला रूट मान’. डिस्क कुठेही लावा, नाव तेच राहतं. लिनक्सच्या एफएसटॅब या फाइलमध्ये, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याच्या यादीतही असं नाव वापरता येतं.

युक्ती चांगली आहे. पण ती चालते एकाच अटीवर: त्या नावाचं दुसरं कुणी समोर असता कामा नये.

इमेज म्हणजे साचा, आणि साच्यातून निघणारे सगळे एकाच नावाचे

डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये ठेवलेली नक्कल. त्यात फाइल्स असतात, पार्टिशनची रचना असते, बूटलोडर असतो, आणि लेबलही असतं. ही इमेज १० पेनड्राइव्हवर लिहिली तर १० पेनड्राइव्हचं लेबल एकच. १,००० सर्व्हर त्याच इमेजवरून उभे केले तर १,००० सर्व्हरच्या डिस्कचं लेबल एकच.

ते सगळे वेगवेगळ्या मशीनमध्ये असतील तर काहीच बिघडत नाही. एका गावात एक संतोष पाटील आणि दुसऱ्या गावात दुसरा, पोस्टमनला काय त्याचं? पण दोघं एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आले आणि पाकिटावर फ्लॅट नंबर नसेल, तर पत्र कुणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही.

लिनक्समध्ये नेमकं हेच होतं. प्रत्येक लेबलसाठी सिस्टीम एक शॉर्टकट तयार करते, जो त्या पार्टिशनकडे बोट दाखवतो. एका लेबलचा शॉर्टकट एकच. दोन पार्टिशनचं लेबल सारखं असेल तर तो त्यातल्या एकाकडेच बोट दाखवणार. कुठल्या, याची हमी नाही. डिस्क सापडायचा क्रम बदलला तर आज एक, उद्या दुसरं.

दोन्ही कॉपी अगदी सारख्या असतील तर चूक झालेली कळतही नाही. खरा धोका असतो तो कॉपी केल्यानंतर दोघींपैकी एकीत बदल झाला की. एकीत नवे अपडेट, दुसरीत जुनी सिस्टीम. एकीत या आठवड्याचं काम, दुसरीत मागच्या. अशा वेळी कर्नल एका डिस्कचा आणि बाकी सिस्टीम दुसऱ्या डिस्कची, असंही होतं.

मोठ्या मोठ्या सिस्टीमचंही हे झालंय

रेड हॅटच्या जुन्या लिनक्स आवृत्त्यांमध्ये इन्स्टॉलर रूट फाइलसिस्टीमला लेबल द्यायचा ते फक्त एक तिरपी रेघ, म्हणजे रूटचंच चिन्ह. प्रत्येक मशीनवर तेच. एका मशीनची डिस्क काढून दुसऱ्या रेड हॅट मशीनला लावली, की एकाच लेबलचे दोन रूट समोरासमोर. इन्स्टॉल करताना तसं लेबल आधीच कुठल्या डिस्कवर दिसलं, तर नव्याच्या मागे १ असा आकडा जोडायची सोय इन्स्टॉलरमध्ये आली. पण ती तपासणी फक्त त्या वेळी मशीनमध्ये असलेल्या डिस्कपुरती. नंतर बाहेरून येणाऱ्या डिस्कचं काय करणार? पुढे या सिस्टीम लेबलऐवजी यूयूआयडी नावाच्या लांबलचक नंबराकडे वळल्या.

क्लाउडमध्ये हा प्रकार जास्त अवघड जागी गाठतो. समजा एक सर्व्हर बिघडला आणि सुरूच होत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे त्याची डिस्क काढायची, दुसऱ्या चालू सर्व्हरला जास्तीची डिस्क म्हणून जोडायची आणि दुरुस्त करायची. पण मदतीला घेतलेला सर्व्हरही त्याच इमेजवरून बनवलेला असतो. लेबल तेच. मदतीचा सर्व्हर रीस्टार्ट झाला तर तो बिघडलेल्या डिस्कवरूनच उठायची शक्यता असते. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ या क्लाउड सेवेच्या अधिकृत माहितीत ‘चुकीच्या डिस्कवरून बूट होणे’ ही अडचण स्वतंत्रपणे दिली आहे, आणि उपाय म्हणून जोडलेल्या डिस्कचं लेबल बदलायला सांगितलं आहे.

उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्येही रूटचं लेबल ठरलेलं असतं: ‘क्लाउडआयएमजी-रूटएफएस’. इंग्रजीत लिहिलं तर ही १५ अक्षरं होतात, म्हणजे ईएक्सटी४ च्या १६ च्या मर्यादेत बसणारी. या इमेजच्या दोन डिस्क एका मशीनला जोडताना म्हणूनच जपावं लागतं.

फेडोरा कोअरओएसने यावर रोखठोक मार्ग काढला. पहिल्यांदा सुरू होताना ती सिस्टीम ‘बूट’ हे लेबल असलेल्या एकापेक्षा जास्त फाइलसिस्टीम दिसतात का ते तपासते. दिसल्या तर अंदाजपंचे एक निवडत नाही, चूक दाखवून तिथेच थांबते. चुकीच्या डिस्कवर काम सुरू होण्यापेक्षा कामच सुरू न झालेलं परवडलं, हा त्यामागचा हिशोब.

पेनड्राइव्हचा उलटा घोळ: नाव सापडतच नाही

डुप्लिकेट नावाचा एक जोडीदार प्रश्नही आहे. फेडोराच्या लाइव्ह आयएसओमध्ये बूट सेटिंगला सांगितलेलं असतं की अमुक लेबलची डिस्क शोध. ते लेबल ११ अक्षरांपेक्षा मोठं असतं. आयएसओमध्ये ३२ अक्षरं मावतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण त्या आयएसओतल्या फाइल्स फॅट३२ पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या, तर पाटीवर मावतात ११ अक्षरंच. नाव तुटतं. बूट सुरू होतो, कर्नल पूर्ण नावाची डिस्क शोधत राहतो, ती सापडत नाही आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी शेल उघडतं.

रुफससारखी टूल्स म्हणूनच पेनड्राइव्ह बनवताना बूटच्या फाइल्समधलं नावही नव्या लेबलप्रमाणे बदलून घेतात. पण नंतर कुणी विंडोजमध्ये त्या पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘माझा पेनड्राइव्ह’ असं हौसेने नाव दिलं, की जोडी पुन्हा तुटते. फाइल्स सगळ्या शाबूत, पण बूट होत नाही. आयएसओ डिस्कवर जशीच्या तशी, बिटनबिट लिहिली तर लेबल तुटत नाही. रुफसमध्ये या पद्धतीला डीडी मोड म्हणतात.

आर्च लिनक्सच्या आयएसओचं लेबल पाहण्यासारखं आहे. ‘आर्च’, मग अंडरस्कोर, मग वर्ष आणि महिना. जानेवारी २०२४ च्या इमेजवर २०२४०१. इंग्रजीत मोजलं तर बरोबर ११ अक्षरं. फॅट३२ मध्येही बसतं आणि जानेवारीची इमेज फेब्रुवारीच्या इमेजशी भांडत नाही. चांगलं लेबल कसं असावं, तर असं.

यूयूआयडी वापरला की प्रश्न मिटला?

अर्धाच. यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांचा नंबर. लिहिला की डॅश धरून ३६ चिन्हं होतात. फाइलसिस्टीम तयार होताना तो आपोआप पडतो आणि दोन ठिकाणी योगायोगाने सारखा पडायची शक्यता नसल्यात जमा. लेबल म्हणजे पाटीवरचं नाव असेल तर यूयूआयडी म्हणजे आधार नंबर. म्हणूनच बऱ्याच लिनक्स सिस्टीम आज रूट शोधायला हाच वापरतात. फॅटमध्ये मात्र एवढा मोठा नंबर नसतो, तिथे ३२ बिटांचा छोटा सिरियल नंबर असतो.

पण आधार कार्डाची झेरॉक्स काढली तर झेरॉक्सवरही तोच नंबर येतो. डिस्कची जशीच्या तशी कॉपी केली की लेबलबरोबर यूयूआयडीही कॉपी होतो. सुरुवातीच्या गोष्टीतल्या लॅपटॉपला यूयूआयडीही वाचवू शकला नसता.

अशा जुळ्या डिस्क दिसल्या की प्रत्येक सिस्टीम वेगळी वागते. एक्सएफएस एक कॉपी जोडलेली असताना त्याच यूयूआयडीची दुसरी जोडायला सरळ नकार देते. ईएक्सटी४ काही बोलत नाही, दोन्ही जोडून मोकळी होते. बीटीआरएफएसच्या बाबतीत प्रकरण गंभीर आहे. ती एकाच यूयूआयडीच्या डिस्कना एकाच फाइलसिस्टीमचे भाग समजते, त्यामुळे दोन कॉपी एकाच वेळी दिसल्या तर डेटा खराब होऊ शकतो, असा इशारा तिच्या अधिकृत माहितीतच आहे. विंडोज डिस्कची सही, म्हणजे सिग्नेचर, बघते. दोन डिस्कची सही सारखी निघाली तर त्यातली एक ऑफलाइन ठेवते.

रास्पबेरी पायने यातून छान वाट काढली आहे. त्याच्या अधिकृत सिस्टीमची इमेज सगळ्यांना एकच मिळते, पण कार्ड पहिल्यांदा सुरू झालं की सिस्टीम डिस्कचा ओळख नंबर स्वतःच बदलते आणि बूटच्या सेटिंगमध्येही नवा नंबर लिहून टाकते. साचा एकच, पण बाहेर पडल्यावर प्रत्येकाला नवा नंबर.

मग करायचं काय?

इमेज बनवणाऱ्यांसाठी:

• ‘रूट’, ‘बूट’, ‘डेटा’, ‘लिनक्स’ अशी सर्रास नावं टाळा. प्रोजेक्टचं छोटं नाव आणि तारीख किंवा आवृत्ती यांची जोडी करा.

• नाव ११ इंग्रजी अक्षरांत बसवा. कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच वापरा. स्पेस नको, बूटच्या सेटिंगमध्ये ती वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते आणि तिथे चूक होते.

• ज्या मशीनवर इमेज बनवताय, त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कचं लेबल आधी बघा. इमेज बनवताना ती तात्पुरती डिस्क म्हणून जोडली जाते. दोघांचं लेबल सारखं असेल तर मशीनचा शॉर्टकट इमेजकडे वळू शकतो.

• रूट शोधायला लेबलऐवजी यूयूआयडी वापरा, आणि पहिल्यांदा सुरू होताना तो नवा पडेल अशी सोय करा.

डिस्क कॉपी करणाऱ्यांसाठी:

• कॉपी झाली की कॉम्प्युटर बंद करा, जुनी डिस्क काढा आणि एकट्या नव्या डिस्कवर एकदा सुरू करून बघा. हा उपाय फुकट आहे आणि सगळ्यात खात्रीचा.

• दोन्ही डिस्क आत ठेवायच्याच असतील तर जी सुटी ठेवायची आहे तिचं लेबल आणि यूयूआयडी बदला. जिच्यावरून सिस्टीम चालणार आहे तिला हात लावू नका.

• बदल करताना ती डिस्क अनमाउंट केलेली असू द्या. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि फॅट या प्रत्येकासाठी लेबल बदलायची वेगळी कमांड असते. एकाची दुसऱ्याला चालत नाही.

• चालू सिस्टीमचं लेबल बदलावंच लागलं, तर एफएसटॅब आणि बूटलोडरची सेटिंग या दोन्ही ठिकाणी नवं नाव लिहा. काही सिस्टीममध्ये बूटच्या वेळची तात्पुरती सिस्टीमही नव्याने तयार करावी लागते. हे विसरलं तर पुढच्या बूटला जुनं नाव शोधलं जाईल आणि ते सापडणार नाही.

• रास्पबेरी पायमध्ये कार्डची कॉपी करायला दिलेल्या एसडी कार्ड कॉपियर टूलमध्ये पार्टिशनला नवे यूयूआयडी द्यायचा पर्याय असतो. दोन्ही कार्डं एकाच पायला लावायची असतील तर त्यावर टिक करा.

फॉरमॅट करायच्या आधी एक मिनिट

डुप्लिकेट आहे की नाही हे बघणं सोपं आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड ‘-एफ’ हा पर्याय लावून चालवली की सगळ्या पार्टिशनची यादी लेबल आणि यूयूआयडीसकट समोर येते. एकच नाव किंवा एकच नंबर दोनदा दिसला तर तिथेच थांबायचं. ‘फाइंडएमएनटी’ ही कमांड सध्या रूट म्हणून नेमकं कुठलं पार्टिशन जोडलेलं आहे ते सांगते.

आणि एक गोष्ट अशी आहे जी साध्या डिस्क कॉपीत कधीच कॉपी होत नाही: डिस्कचा कारखान्यात दिलेला सिरियल नंबर. तो डिस्कच्या स्टिकरवर छापलेला असतो. ‘एलएसबीएलके’लाच ‘-ओ’ लावून मॉडेल आणि सिरियलचे रकाने मागितले तर तो स्क्रीनवरही दिसतो. लेबल सारखं असेल, यूयूआयडी सारखा असेल, आतल्या फाइल्स सारख्या असतील, तरी दोन डिस्कचा हा नंबर वेगळाच असतो.

सुरुवातीच्या गोष्टीतला माणूस वाचला असता तो इथे. जुनी डिस्क फॉरमॅटला न्यायच्या आधी त्याने रूट कुठल्या डिस्कवर आहे हे बघितलं असतं आणि त्या डिस्कचा सिरियल नंबर स्टिकरशी जुळवला असता, तर जी पुसायला निघालोय तिच्यावरच आठ दिवसांचं काम आहे, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं असतं.